कुंचीचे गोंडे

कुंचीचा डावा गोंडा विरळ झालाय, हे मला नळाच्या दिवशी संध्याकाळी कळलं. दोरीवरचे कपडे काढता काढता मी तो चिमटीत धरला, नेहमीसारखा माझ्या तान्ह्या जाईच्या गालावरून फिरवायला, तर हाताला काही लागेचना. आधीच्या आठवड्यात हाच गोंडा चांगला गुबगुबीत होता. आता मांजराच्या शेपटीचं उंदराचं शेपूट झालं होतं.

कुंची माझ्या आईनं वैजापूरहून पाठवलेली. हिरव्या खणाची, बाळाच्या डोक्यावरून पाठीवर सोडायची, आणि खालच्या दोन टोकांना लाल दोऱ्याचे दोन गोंडे. खण दुकानातला, पण गोंडे आईनं स्वतः वळलेले. असा दोरा आपोआप गळत नाही. त्याला कुणीतरी ओढावं लागतं.

"आत्याबाई, हे बघा बरं," मी सासूबाईंना म्हणाले.

आत्याबाई मूळच्या पिशोरच्या. सासरे गेल्यापासून आमच्याकडं सिडकोत राहतात. त्यांनी गोंडा उजेडात धरला, उलटासुलटा केला, माझ्या हातात परत दिला आणि पदराला बोटं पुसली. ते पुसणं मला खटकलं.

"आज कोण आलं व्हतं?"

"ताईच. दुसरं कोण येणार?"

"हं," म्हणाल्या आणि लसूण सोलायला बसल्या. पाच-सहा पाकळ्या सोलून झाल्यावर, लसणाशीच बोलावं तसं म्हणाल्या, "तान्ह्या लेकराच्या कापडाचा दोरा उगं कुणी नेत नाय, पेरणा. नेणारीला गरज असती."

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलंय. जाई पोटात असेपर्यंत एका कॉलेजात तासिकेवर शिकवत होते. करणी वगैरे मी मानत नाही. पण करणारी माणसं असतात, हे मानते. त्या संध्याकाळी मला तेवढंच पुरलं.

ताई म्हणजे माझी थोरली जाऊ, मोनिका. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. डॉक्टर झाले, देव झाले, आता त्या विषयावर घरात कुणी बोलत नाही. ताई तर नाहीच. एका पतसंस्थेत नोकरी करतात, स्कूटीवरून फिरतात आणि घरात त्यांच्या आधी त्यांचा आवाज शिरतो. त्यांचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, सातारा परिसरात. त्यांच्या गल्लीला अजून नळ नाही, टँकरवर भागवतात. आमच्याकडं आठवड्यातून एकदा पाणी येतं, वार मात्र ठरलेला नाही, त्या दिवशी ताई अर्धी रजा टाकून दोन पिशव्या धुणं घेऊन येतात. मोटर लागली की आमच्या घरात लग्नघराची गडबड. टाकी भरा, ड्रम भरा, गोधड्या काढा. जाईचे लंगोट रोज धुतले जातात, पण कुंची, गोधडी, जाडी दुपटी यांना नळाचा दिवसच लागतो. ते सगळं ताई धुतात, मागच्या फरशीवर दोरीला घालतात आणि मग जाईला मांडीवर घेऊन बसतात.

बारशाच्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "हिच्या पहिल्या जिवतीला मी ओवाळणार. तुझ्या आधी. आत्ताच सांगून ठेवते."

श्रावणातल्या शुक्रवारी लेकरांसाठी जिवतीची पूजा असते. सवाष्ण जेवायला बोलावतात. आमच्याकडं ती सवाष्ण दरवर्षी ताईच. मी तेव्हा हसून म्हणाले होते, "ओवाळा की. तुमचीच लेक आहे, कोण नको म्हणतंय?"

आता श्रावण जवळ आला होता, आणि मी हातात तो विरळ गोंडा घेऊन बसले होते.

आत्याबाईंचा एक नेम आहे. दिवेलागणीनंतर जाईचं चिंधूकसुद्धा बाहेर राहू द्यायचं नाही. रात्रीचं पाखरू तान्ह्याच्या कपड्यांवरून ओलांडून गेलं की लेकरू वाळत जातं, असं त्या मानतात. सुरुवातीला मी त्यांची थट्टा करायचे.

"कोणतं पाखरू, आत्याबाई? टिटवी, पिंगळा का घुबड?"

"पाखराला काय आधार कार्ड असतं का? पाखरू ते पाखरू."

मला मात्र त्याच दिवसांत पाखरांची नावंच काय, कुळंसुद्धा लावायची होती. काकासाहेब म्हणून एक निवृत्त शिक्षक मराठवाड्यातल्या पक्ष्यांवर पुस्तक काढत होते. मोठ्या पक्ष्यांची पानं औरंगपुऱ्यातल्या छापखान्यात लागूनही गेली होती. बारीक पक्षी माझ्या वाट्याला आले, कारण काकासाहेबांच्या मते बारीक काम बाळंतिणीला बरं. जाईचा डोळा लागला की मी लिहायचे. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला, लॅपटॉप मांडीवर. दोन ओळी होतात न होतात तोच अंगठ्याला झटका बसायचा. बाईसाहेब उठल्या.

घोडं अडलं ते वटवट्यांपाशी. हे पक्षी मुठीत मावतील एवढे, मातकट नाहीतर हिरवट. चोच सुईसारखी. झुडपात लपून किडे टिपायचे आणि सारखं बोलत राहायचं. जुन्या पुस्तकांत हे सगळे एकाच कुळात असायचे. पुढं डीएनएवरून नाती तपासली आणि ते कुळ फुटलं. पाण्याकाठच्या बोरूत राहणारे एका कुळात गेले, पानापानांतून फिरणारे पर्णवटवट्ये दुसऱ्या. राखी वटवट्या आणि पानं शिवून घरटं करणारा शिंपी, हे तिसऱ्याच कुळात एकमेकांचे भाऊबंद निघाले. गंमत म्हणजे ज्या पक्ष्यावरून मूळ कुळाला नाव पडलं होतं, तो सातभाईंच्या गोताजवळचा निघाला.

मी हे फोनवर सांगितलं तर काकासाहेब म्हणाले, "म्हणजे वाटणी झाली म्हण."

"वाटणी कसली? मुळात एक घर नव्हतंच ते."

"मग इतकी वर्षं जुने लोक काय खोटं लिहीत होते?"

"खोटं नाही. दिसलं तसं लावलं. चोच सारखी, रंग सारखा, खाणं सारखं. तेच झुडूप, तोच उद्योग, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं की परकी पाखरंही सारखी दिसायला लागतात. ईशान्येकडच्या डोंगरात एक शिंपी आहे ना, त्याला बघून सगळे शिंपीच म्हणत आले. तो या कुळातला नाहीच."

"पोरी, वाचणारा काही रक्त तपासायला बसणार नाही. बारकं आहे, मातकट आहे, किडे खातंय, बडबडतंय. टाक एका कुळात. आपल्याला पुस्तक छापायचंय, सोयरीक नाही जमवायची."

"नाही टाकणार," मी म्हणाले. "नुसतं दिसण्यावरून कुणाला कुठं टाकायचं नाही."

हे मी चांगलं ठणकावून बोलले. बोलताना माझी नजर मागच्या दारातून दोरीवर होती आणि मी पुढच्या नळाच्या दिवसाची वाट बघत होते.

तो दिवस आला. फाटकातूनच ताईंचा आवाज, "कुठंय माझी ठमाकाकू?" जाईनं पाय झाडायला सुरुवात केली. या पोरीला ताईंचा आवाज माझ्या आवाजाच्या आधी कळायला लागला होता. आधी मला त्याचं कौतुक होतं.

कुंची धुवायला देताना मी दोन्ही गोंडे नीट पाहून दिले. मग मोटर बघते म्हणून आत आले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले. तिथून मागची फरशी पूर्ण दिसते. धुण्याचा दगड, दोरी, आणि भिंतीशी मोठ्या ड्रममध्ये लावलेलं अंजीर. ते आकाशनं, माझ्या नवऱ्यानं, दौलताबादहून आणलेलं. पावसानं त्याची पानं तळहाताच्या दुप्पट झाली होती आणि त्यात बसून कुणीतरी 'टुविट टुविट टुविट' करून कान किटवत होतं. शिंपी, मी मनात म्हटलं, आणि पुन्हा ताईंवर लक्ष ठेवलं.

ताईंनी मळक्या कपड्यांच्या ढिगातून जाईचं एक झबलं उचललं. बादलीत टाकायच्या ऐवजी हातातच धरलं. एकदा घराकडं पाहिलं, मी बाजूला सरकले. मग त्यांनी माझ्याकडं पाठ केली आणि झबलं तोंडाशी नेलं. खांदे वर गेले, तसेच राहिले, खाली आले. पुन्हा वर गेले. काही पुटपुटत होत्या की फुंकर घालत होत्या, कळेना. मग झबलं बादलीत बुडवलं आणि खसाखसा धुवायला लागल्या.

आत येऊन त्यांनी जाईला घेतलं तेव्हा मनगटावरचा दोरा दिसला. लाल.

"हा कसला, ताई?"

"कसला असणार? पूजेचा," म्हणाल्या, आणि बांगड्या त्याच्यावर ओढून घेतल्या.

त्या दिवशी उजवा गोंडा निम्म्यावर आला. शिवाय गोधडीच्या कोपऱ्यातून कापूस बाहेर आलेला. उसवलेल्या जागेतून बोटानं ओढून काढावा तसा.

आकाश वाळूजच्या कारखान्यातून आल्यावर मी त्याच्यापुढं कुंची आणि गोधडी दोन्ही ठेवलं.

"उंदीर असेल," तो म्हणाला.

"दोरीवर उंदीर?"

"मग वहिनी गोंडे नेऊन काय करतील? भाजी?"

"तुला नाही कळायचं."

"नाही कळत तेच बरंय." त्यानं जाईला पोटावर घेतलं आणि तिच्याशी बोलायला लागला. डिप्लोमाची तीन वर्षं तो दादा-वहिनींकडं राहिला होता, वहिनींच्या डब्यावर. त्याच्याजवळ याहून जास्त बोलण्यात अर्थ नव्हता. आत्याबाईंजवळ बोलायची गरजच नव्हती. त्यांनी त्या आठवड्यात जाईची दोनदा दृष्ट काढली. मीठमोहरी तडतडली की त्या माझ्याकडं बघायच्या आणि मीही त्यांच्याकडं बघायचे.

मी जाईचे कपडे कपाटात ठेवायला लागले, मळकेसुद्धा. ताई संध्याकाळी सहज डोकावल्या तर जाईला त्यांच्याकडं देताना माझे हात उशिरा सुटायचे. त्या तिला घेऊन मागच्या दारी गेल्या की मी काहीतरी काम काढून मागं जायचे. आपण काय करतोय हे मला दिसत होतं. पण रात्रंदिवस छातीशी धरलेला जीव असतो ना, त्याच्या बाबतीत खोटं ठरलेलं चालतं, उशीर झालेला चालत नाही.

त्याच्या पुढच्या नळाच्या दिवशी मी ताईंच्या हातातून कुंची काढून घेतली.

"राहू द्या ताई. जाईचं मी धुते."

"का गं? कंबर दुखतीय म्हणत होतीस ना."

"राहू द्या म्हटलं ना."

आत्याबाई दारात बसून मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "धुईल की ती. तू तुझं आटप, मोनिका."

ताईंचे हात ओले होते. त्यांनी ते पदराला पुसले. माझ्याकडं पाहिलं, माझ्या हातातल्या कुंचीकडं पाहिलं, मग गोंड्याकडं. गोंड्यावर त्यांची नजर जरा थांबली. मग आत्याबाईंकडं गेली.

"बरं," एवढंच म्हणाल्या. स्वतःचे ओले कपडे तसेच पिशव्यांत कोंबले आणि गेल्या. स्कूटीचा आवाज लांब जायला लागला तशी जाई रडायला लागली. मी तिला खिडकीशी नेलं, काऊ दाखवला, चिऊ दाखवली. ती फाटकाकडंच बघत राहिली.

कुंची त्या दिवशी मी स्वतः धुतली, स्वतः वाळत घातली. संध्याकाळी डाव्या गोंड्यात आणखी खिंडार.

"आता?" मी आत्याबाईंना विचारलं.

"तू हिसकायच्या आधीच ओढला असंल," त्या म्हणाल्या. पण या वेळी त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

जिवतीचा शुक्रवार ठरवताना त्यांनीच विषय काढला. "सवाष्ण म्हनून देशमुखीणबाईला सांगायचं का?" देशमुखीणबाई समोरच्या घरातल्या. मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. जाईला दूध पाजत बसले. आत्याबाईंनी ते हो धरलं.

पुढच्या नळाच्या दिवशी ताई आल्या नाहीत. फोनही नाही. मोटर लागली, टाकी भरली, सगळं मी एकटीनं केलं. कुंची धुतली आणि दोरीला घातली. घरात परकं कुणी नव्हतं. त्या दिवशी तरी गोंडे जसेच्या तसे राहायला हवे होते, आणि ते राहिले की मला हवं ते सिद्ध होणार होतं. मी जाईला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले.

आधी जाईला दिसलं. तिचे डोळे कशावर तरी ठरले आणि तिनं अंग ताठ केलं. मी तिच्या नजरेनं पाहिलं.

कुंचीच्या टोकाला एक पक्षी लोंबकळत होता. अंगठ्यापेक्षा थोडा मोठा. पाठ हिरवी, डोक्यावर तांबूस टोपी, शेपूट अशी उभी की तोल कसा सावरतो नवल वाटावं. त्यानं गोंड्यातला एक दोरा चोचीत धरला आणि मागं मागं रेलला. पाय कुंचीत रोवून, पंख फडफडवून पुन्हा ओढला. दोरा सुटला. तो घेऊन अंजिरात शिरला.

मी मागचं दार हळू उघडलं. अंजिरापाशी वाकून पाहिलं तर एक पान सुकून लोंबत होतं. कधीतरी शिवलं होतं, पावसानं फाटलं होतं. त्याच्या कडेला आईच्या हातचा लाल दोरा, रंग उतरलेला. त्याच्या वरच्या फांदीवर दोन हिरवी पानं एकमेकांशी जोडलेली, कडेनं बारीक भोकं, भोकाभोकातून लाल टाके. आत जाईच्या गोधडीतला कापूस.

पुस्तकातलं शिंप्याचं पान मी परवाच लिहून काकासाहेबांना पाठवलं होतं. 'शिंपी पानाच्या कडांना चोचीनं भोकं पाडतो आणि त्यांतून कोळ्याचं जाळं, कापूस, मिळाला तर दोरा ओवतो.' मिळाला तर दोरा. हे मी लिहिलं होतं, आणि लिहिताना डोक्याच्या मागं टुविट टुविट चाललं होतं.

आत्याबाईंना हात धरून आणलं. त्या वाकून एकेक लाल टाका बघत गेल्या.

"म्हंजे पाखरानंच नेलं की," शेवटी म्हणाल्या. "मी काय सांगत व्हते? तुम्हाला हसू येत व्हतं." मग जरा थांबून, "पर हे दिसाचं निघालं. मी रातीचं राखीत बसले."

"आत्याबाई, ताईंचं काय?"

"काय म्हंजे? आपन तिला काय बोललो का?"

खरंच काही बोललो नव्हतो. हवं असतं तर तिथंच मिटवता आलं असतं. गोंडा नवा करून घेतला असता, देशमुखीणबाई जेवून गेल्या असत्या आणि जाईला कळायला लागेपर्यंत मोठी काकू ही फक्त दिवाळीला भेटायची बाई झाली असती. काही न बोलता एवढं सगळं होऊ शकत होतं.

मी जाईला कुंची घातली आणि रिक्षा केली.

ताईंनी दार उघडलं. नुकत्याच कामावरून आल्या होत्या, पर्स अजून खांद्याला होती.

"एकटीच?"

"जाई आहे ना."

"ते दिसतंय."

जाईनं दोन्ही हात पुढं टाकले. ताईंनी आपले हात मागं नेले. मी आत जाऊन बसले. त्या बसल्या नाहीत.

"ताई, शुक्रवारी जिवती आहे."

"देशमुखीणबाई आहेत की."

"कुणी सांगितलं?"

"शहर मोठं आहे गं, पण आपल्या माणसांची तोंडं त्याहून मोठी."

मग मी सांगायला लागले. सरळ सांगता येईना. आधी पक्ष्याचंच फार सांगितलं, तो कसा शिवतो, काय खातो. ताईंनी मध्येच एकदाही थांबवलं नाही. कापसापर्यंत आले तेव्हा पक्ष्याचं सगळं सांगून झालं होतं.

"म्हणजे पाखरू सापडलं म्हणून मी सुटले," त्या म्हणाल्या. "नसतं सापडलं तर?"

मी जाईच्या पाठीवरची कुंची सारखी करत राहिले.

"आणि मी त्या दोऱ्यांचं करत काय होते? सांग ना. मलाही कळू दे. मला तर काही सुचत नाही."

"तुम्ही झबलं तोंडाशी धरलं होतं. मी खिडकीतून पाहिलं."

ताईंचा चेहरा बदलला. त्यांनी पर्स खांद्यावरून काढली, खुंटीला अडकवली, पुन्हा नीट अडकवली.

"वास घेत होते," म्हणाल्या. "दुधाचा आणि पावडरीचा. धुतलं की जातो तो." मग मनगट माझ्यापुढं धरलं. "आणि हा पतसंस्थेतल्या सत्यनारायणाचा. सगळ्यांना बांधलाय, शिपायालासुद्धा. उद्यापासून त्याच्यावरही नजर ठेव."

"मग तेव्हा बांगड्या का ओढल्या त्याच्यावर?" हे माझ्या तोंडून निघून गेलं. अजूनही.

ताई हसल्या. चांगलं हसणं नव्हतं ते. "पूजेचा दोरा बघितला की बायका विचारतात, कशासाठी बांधला. आणि मग स्वतःच ओळखतात. म्हणून."

जाई आता रडायच्या बेतात होती. हात अजून पुढंच.

"कुंची काढ तिची," ताई म्हणाल्या.

"ताई, असं काय..."

"काढ आधी. तिच्या अंगावरच्या कुठल्या वस्तूला मी आता हात लावणार नाही."

मी कुंची काढली आणि पिशवीत घातली. मग त्यांनी जाईला घेतलं. तिच्या उघड्या टाळूवर नाक टेकवलं आणि माझ्या डोळ्यांत बघत मोठा श्वास घेतला.

"हे मात्र मी नेणार," म्हणाल्या. "बघून ठेव."

शुक्रवारी येते असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

घरी येताच मी समोर जाऊन देशमुखीणबाईंना पुढच्या शुक्रवारचं सांगून आले. आत्याबाई म्हणाल्या, "आन् ती आली नाय तर? जिवतीला सवाष्णीची जागा रिकामी ठेवायची का?"

"ठेवायची," मी म्हणाले.

शुक्रवारी नेमकी नळाची पाळी होती. पुरण वाटलं, जिवतीचा कागद भिंतीला लावला, वस्त्रमाळ घातली. आत्याबाई दर थोड्या वेळानं फाटकाकडं जाऊन यायच्या आणि मला म्हणायच्या, "दूधवाला आला का बघत व्हते." दुपार कलायला लागली. मोटर बंद करायला मी उठले तेव्हा स्कूटी थांबली.

आवाज पुढं आला नाही. ताई आल्या, दोन हातांत दोन पिशव्या.

"पाणी आलंय ना?" त्यांनी विचारलं. "धुणं साचलंय."

"आलंय."

"मग आधी जेवायला वाढा. धुणं नंतर."

त्यांनी जाईला ओवाळलं. माझ्या आधी. ताम्हणातल्या दिव्याकडं जाई डोळे फिरवून बघत होती. कुंची घातलीच नव्हती, मी मुद्दाम दोरीवर ठेवली होती. आत्याबाईंनी जिवतीच्या अक्षता जाईवर टाकल्या, मोनिकाताईंच्या पदरावर टाकल्या, मग मागं जाऊन चार दाणे लांबूनच अंजिराच्या ड्रमवरही टाकले. "कशाला मोडायचं त्याचं घर," स्वतःशीच म्हणाल्या. "त्यालाबी लेकरं व्हायची असत्याल."

जेवणं झाली. ताई जाईला घेऊन मागच्या फरशीवर गेल्या. मी मागं गेले नाही. आतल्या खोलीत येऊन लॅपटॉप उघडला. काकासाहेबांनी शिंप्याचं पान परत पाठवलं होतं. मी लावलेलं कुळ तसंच ठेवलं होतं. खाली एक प्रश्न होता, 'यातलं तू स्वतः किती पाहिलंस?' मी लिहिलं, आता पाहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.

बाहेर ताई काहीतरी गुणगुणत होत्या. मग ते थांबलं. जाईचाही आवाज नाही. मी खुर्चीतून अर्धी उठले. तिथून दोन पावलांवर खिडकी होती. आत्याबाई पलंगावर आडव्या होत्या, त्यांचेही डोळे उघडेच. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. या वेळी आम्ही दोघींनीही लगेच नजर काढून घेतली. मी बसले. काय वाटेल ते होवो, हाक येईपर्यंत उठायचं नाही असं ठरवून टेबलाची कड धरून बसले. विश्वास म्हणतात तो हाच असेल तर त्याला तळहाताला घाम येतो.

"प्रेरणा, ये गं. भूक लागलीय हिला."

मी गेले. जाई ताईंच्या कडेवर, डोकं उघडं, मूठ ताईंच्या मंगळसूत्रात. दोरीवर कुंची होती तिथंच होती. तिच्यापासून हातभर अंतरावर, एका चिमट्यात गुलाबी दोऱ्यांचा झुबका लटकत होता. ताईंच्या नव्या साडीच्या पदराचा एक गोंडा कमी झाला होता.

"हे काय, ताई?"

"तुझ्या कुंचीचं उरलंसुरलं राहू दे. त्याला लागलंच तर माझं ने म्हणावं." त्यांनी जाईला माझ्याकडं दिलं. "नंतर कुणाची मोजदाद नको."

आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. दोरीकडं पाहून कपाळाला आठ्या. "सवाष्णीच्या पदराचा दोरा असा टांगून ठेवत असत्यात का? दिवेलागणीच्या आत काढ बरं तो."

"तोपर्यंत नेईल तो, आत्याबाई," मी म्हणाले.

आम्ही तिघी तिथंच उभ्या राहिलो. पदराखाली जाई दूध पीत होती. अंजिराच्या शेंड्यावर शिंपी आला, शेपूट उभी. त्यानं गुलाबी झुबक्याकडं पाहिलं, कुंचीकडं पाहिलं, मग आमच्याकडं. खाली यायला काही तयार होईना. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं मान वाकडी करून तो आम्हालाच निरखत राहिला.